स्वित्झर्लंडमध्ये पत्नीचे मनगट दुखावले. प्रवास विम्याचा दावा 'चक्कर' या एका शब्दावर अडला आहे

घाटमाथा | २० नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी पत्नी (वय ५८) नऊ दिवसांसाठी स्वित्झर्लंडला गेलो होतो. पाचव्या दिवशी लाउटरब्रुनेनच्या दरीत एका धबधब्याजवळच्या ओल्या लाकडी पायरीवरून तिचा पाय घसरला आणि तोल सावरण्यासाठी तिने उजवा हात जमिनीवर टेकला. पाच मिनिटांत मनगट सुजले. उठून बसल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखे होते आहे, असे ती म्हणाली. पाणी प्यायल्यावर तिला बरे वाटले.

हॉटेलच्या मालकीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. रुग्णवाहिकेसाठी १४४ हा क्रमांक आहे, परंतु तिचे पैसे रुग्णालाच भरावे लागतात. आणि चालता येत असेल तर दरीतल्याच डॉक्टरांकडे एक्स-रेची सोय आहे, तिथे जाणे उत्तम. निघण्यापूर्वी मी विमापत्रावरच्या मदत क्रमांकावर फोन केला. समोरच्या व्यक्तीने घटना शांतपणे ऐकली, नोंद क्रमांक दिला आणि सांगितले की रुग्णालयात भरती व्हावे लागले तरच कॅशलेसची व्यवस्था होते, बाह्यरुग्ण उपचारांचे पैसे आपण भरून नंतर मागायचे. एक लाख डॉलरचा विमा काढून खिशातूनच पैसे द्यायचे, याचा मला त्या क्षणी रागच आला होता.

डॉक्टरांनी तपासले, दोन एक्स-रे काढले, मनगटाच्या हाडाला बारीक तडा आहे, मात्र हाड सरकलेले नाही असे सांगितले, अर्धे प्लॅस्टर घातले आणि बिल हातात ठेवले. औषधांच्या दुकानातून घेतलेली हाताची झोळी धरून एकूण ४६२ फ्रँक झाले. आपल्या हिशेबाने ते साधारण ५१ हजार रुपये होतात. मी कार्डाने भरले. उरलेली सहल आम्ही हळूहळू पूर्ण केली.

परत आल्यावर २८ ऑक्टोबरला सर्व कागद विमा कंपनीकडे पाठवले. काल उत्तर आले आहे. डॉक्टरांच्या जर्मन अहवालात 'चक्कर आल्यानंतर पडल्या' असे लिहिलेले आहे. अर्जात रक्तदाबाची गोळी नमूद आहे. तेव्हा ही घटना पूर्वीपासूनच्या आजारामुळे घडली नाही हे दाखवणारे कागद आणि मागील उपचारांच्या नोंदी सादर कराव्यात, असा त्याचा आशय आहे. चक्कर पडल्यानंतर आली होती, आधी नव्हे. आता हे सिद्ध कसे करावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

जुनी_पेढी | २० नोव्हेंबर, रात्री १०:०२

घाटमाथा, वहिनींची प्रकृती आता बरी असेल अशी आशा आहे. मी तीस वर्षे विमा क्षेत्रात काढली आणि त्यांतली बरीचशी दावे तपासण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कंपनीने दावा नाकारलेला नाही, प्रश्न विचारला आहे, हे प्रथम ध्यानात घ्या. बहुतेक प्रवास विम्यांत पूर्वीपासूनच्या आजारासाठी फक्त जिवावर बेतण्याइतक्या तातडीच्या प्रसंगी पैसे मिळतात. अपघाताला तशी अट नसते. त्यामुळे 'घसरून पडल्या' असे लिहिलेले असेल तर तो अपघात होतो आणि 'चक्कर येऊन पडल्या' असे लिहिलेले असेल तर चक्कर कशाने आली, हा पुढचा प्रश्न तपासणाऱ्याला विचारावाच लागतो. त्याच्यासमोर कागदाखेरीज काहीही नसते. त्याने पायरी पाहिलेली नसते.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. तुम्ही दवाखान्यात जाण्यापूर्वी मदत क्रमांकावर फोन केला, हे तुम्ही केलेले सर्वांत शहाणपणाचे काम आहे, जरी तुम्हाला त्याचा राग आला होता तरी. त्या संभाषणाची नोंद, आणि बहुधा ध्वनिमुद्रणही, कंपनीच्याच साहाय्य संस्थेकडे असते. डॉक्टरांनी अहवाल लिहिण्याच्या आधीची ती नोंद आहे आणि त्या वेळी तुम्हाला या वादाची कल्पनाही नव्हती, म्हणून तिचे वजन मोठे आहे. नोंद क्रमांक देऊन ती दाव्याच्या फाइलला जोडण्याची लेखी मागणी करा.

दुसरे म्हणजे त्या डॉक्टरांना इमेल करून पुरवणी टिपण मागवा. मूळ अहवालावर स्वतः एक अक्षरही गिरवू नका, भाषांतर करतानासुद्धा नाही. तिसरे, नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्तदाब नियंत्रणात असल्याचे आणि पूर्वी चक्कर येण्याची तक्रार नसल्याचे पत्र घ्या, अर्थात ते खरे असेल तरच.

एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. डॉक्टरांना घटना कोणी आणि कोणत्या भाषेत सांगितली?

---

घाटमाथा | २० नोव्हेंबर, रात्री १०:४०

मीच सांगितली, इंग्रजीत. आपल्या प्रश्नावर आता विचार करताना लक्षात येते की घाईघाईत मी 'तिला चक्कर आली, ती पडली, हात टेकला' अशी वाक्ये एकामागून एक बोललो असणार. मराठीत आपण तसेच सांगतो, ऐकणारा क्रम समजून घेतो. त्यांनी जर्मनमध्ये 'श्विंडेल' म्हणजे चक्कर हा शब्द आधी लिहिला आणि पडणे त्याच्या नंतर. म्हणजे चूक त्यांची नाही, माझी आहे. अहवाल हातात मिळाला तेव्हा मी तो उघडूनही पाहिला नाही, कारण जर्मन वाचता येत नव्हते. फोनवरच्या भाषांतर सुविधेने तिथल्या तिथे कळले असते.

---

नाशिकचा_हाडवैद्य | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:२५

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. दाव्यासंबंधी जुनी_पेढी यांनी सांगितले आहेच, मी हाताविषयी लिहितो.

हात टेकून पडल्यावर सूज वाढण्यापूर्वी त्या हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठ्या आणि घड्याळ काढावे. आपल्याकडे बायका सौभाग्याची वस्तू म्हणून ती काढायला तयार होत नाहीत आणि अर्ध्या तासाने ती निघण्यासारखी राहत नाही. मग कापावी लागते. बोटे काळीनिळी पडू लागली, बधिर झाली किंवा प्लॅस्टरमध्ये वेदना वाढतच गेली तर सहलीचे वेळापत्रक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत जावे.

मनगटाच्या दुखापतीत अंगठ्याच्या मुळाशी, जिथे खळगा दिसतो तिथे, दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाला तडा असण्याची शक्यता असते आणि तो पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. अशा वेळी दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. म्हणून परदेशातल्या एक्स-रेची सीडी किंवा दुवा मागून घ्यावा, केवळ अहवालावर समाधान मानू नये. घोट्याच्या बाबतीत साधी कसोटी अशी की दुखापतीनंतर चार पावले टाकता येत नसतील, किंवा दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढावाच.

विमानप्रवासाचेही सांगून ठेवतो. ताज्या प्लॅस्टरवर लांबचा प्रवास करायचा असेल तर विमान कंपन्या साधारण ४८ तास थांबायला सांगतात, किंवा प्लॅस्टर उभे चिरून घ्यायला सांगतात, कारण आतली सूज वाढली तर तिला जागा हवी. तुमच्या डॉक्टरांनी अर्धे प्लॅस्टर घातले, ते योग्यच होते.

---

घाटमाथा | २१ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

डॉक्टरसाहेब, आपण जणू तिथे उभे राहून पाहिले आहे. अंगठी साबण लावून निघाली, परंतु पाटली दवाखान्यात कापावी लागली. माझ्या सासूबाईंनी दिलेली होती. मनगटाचे तिला जितके वाईट वाटले नाही तितके पाटलीचे वाटले. प्लॅस्टर गेल्या आठवड्यात निघाले असून व्यायाम सुरू आहे. सीडी मागून घेतली होती, कारण हॉटेलच्या मालकीणबाईंनी तसे बजावले होते.

---

ओसरी | २१ नोव्हेंबर, दुपारी १:३०

माझे मत थोडे वेगळे आहे. एवढ्यातेवढ्या दुखापतीसाठी दावा करूच नये असे मला वाटते. माझ्या विम्यात १०० डॉलर डिडक्टिबल होते, म्हणजे तेवढी रक्कम आधी वजा होऊन उरलेले मिळणार. व्हिएन्नामध्ये मुलाच्या हनुवटीला दोन टाके पडले, त्याचा खर्च डिडक्टिबलच्या थोडाच वर गेला, आणि कागद गोळा करण्यात माझे दोन रविवार गेले. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३० हजार युरोंचा विमा सक्तीचा आहे, म्हणून आपण तो काढतो. तो मोठ्या संकटासाठी आहे असे मानून लहान खर्च सोडून द्यावा.

---

जुनी_पेढी | २१ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

ओसरी, आपल्या उदाहरणात दावा न करणे व्यवहाराचेच होते. परंतु त्याचा नियम करू नये. मोटार विम्यात दावा न केल्याचा बोनस असतो, म्हणून लहान खर्च सोडण्यात हिशेब असतो. एका सहलीचा प्रवास विमा सहलीबरोबर संपतो. तिथे गप्प राहिल्याने काही साठत नाही. शिवाय दुखापत किरकोळ आहे की नाही हे पहिल्या दिवशी कळत नसते. टाके पिकले, हाड सरकले आणि तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेची वेळ आली, तर पहिल्या दिवशी कळवलेले नसल्याचा प्रश्न मोठ्या रकमेच्या दाव्यात उभा राहतो. म्हणून पैसे मागायचे की नाही हे घरी येऊन ठरवावे, पण फोन त्याच दिवशी करावा. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

ताज्या बदलाचे एक सांगतो. शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे आणि पासपोर्टवरच्या त्यांच्या शिक्क्यांची जागा ती नोंद घेते आहे. दाव्याबरोबर मात्र प्रवासाचा पुरावा अजून मागितला जातो. बोर्डिंग पास फेकून देऊ नयेत. मोबाइलवरचे असतील तर विमानात बसण्यापूर्वी त्यांचे चित्र जपून ठेवावे.

---

टेम्सकाठी | २१ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

मी लंडनमध्ये राहतो. इकडे आईवडील आले की हाच प्रश्न येतो, म्हणून इथली पद्धत लिहितो. किरकोळ दुखापतीसाठी १११ वर फोन केला तर जवळचे केंद्र सांगतात. रुग्णालयाच्या अपघात विभागात झालेले उपचार पाहुण्यांनाही विनामूल्य असतात. लोक इथेच फसतात, कारण त्या विभागातून पुढे वॉर्डात भरती केले किंवा नंतरच्या तपासणीची वेळ दिली की शुल्क लागू होते, आणि भेटीसाठी आलेल्या परदेशी व्यक्तीला ते सरकारी दराच्या दीडपट लावतात. बाबांचा घोटा मुरगळला तेव्हा एक्स-रे आणि पट्टी यांचा एक पैसाही लागला नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला बोलावले, त्याचे मात्र बिल आले.

ते बिल विमा कंपनी पाहून घेईल असे म्हणून परत जाऊ नये. ५०० पौंडांहून अधिक रक्कम दोन महिने थकली तर पुढचा व्हिसा त्या कारणाने नाकारला जाऊ शकतो. आपण भरावे आणि मग मागावे.

---

सातासमुद्रापार | २२ नोव्हेंबर, पहाटे ५:५०

न्यू जर्सीहून लिहिते आहे. टेम्सकाठी यांचा हेवा वाटतो. इथे आईचे बोट सुरीने कापले तेव्हा आम्ही घाबरून थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेलो. चार टाके पडले. मग महिनाभर टपालाने बिले येत राहिली: रुग्णालयाचे वेगळे, डॉक्टरांचे वेगळे, एक्स-रे वाचणाऱ्याचे वेगळे. प्रत्येक बिलावर आईचे नाव निराळ्या प्रकारे लिहिलेले होते, त्यामुळे विमा कंपनीने तेही विचारले. जीव धोक्यात नसेल तर गल्लीबोळांत असलेल्या 'अर्जंट केअर' दवाखान्यात जावे, तिथे तेच टाके फार कमी खर्चात पडतात आणि बहुधा बिलही एकच असते. विमा काढताना प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणारा स्वस्त विमा आईवडिलांसाठी घेऊ नये. इथल्या बिलांपुढे ती ठरावीक रक्कम म्हणजे दर्या में खसखस. आणि बिलाचा प्रत्येक बाबीनिहाय तपशील मागावा. आमच्या तपशीलात न दिलेले एक औषध सापडले आणि ते वजा झाले.

---

मचाण | २२ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

बालीत उबुद येथे माकडाने माझ्या दंडाला ओरखडा काढला. रक्त टिपकाभरच आले, म्हणून मी हसण्यावारी नेणार होतो. गाइडने ओढून नळाखाली नेले आणि पंधरा मिनिटे साबणाने धुवायला लावले. २००८ पासून त्या बेटावर रेबीज आहे, हे मला तेव्हा कळले. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) आणि लसीचा पहिला डोस तिथल्या दवाखान्यात मिळाला, दुसरा तिसऱ्या दिवशी तिथेच झाला आणि उरलेले सात, चौदा व अठ्ठावीस या दिवसांचे मी कोल्हापुरात सरकारी रुग्णालयात घेतले.

विम्याच्या दृष्टीने माझा अनुभव असा की परदेशातल्या दोन भेटींचे पैसे मिळाले, भारतात परतल्यानंतरच्या प्रवासखर्चाचे आणि औषधांचे मिळाले नाहीत. विमापत्रात ते स्पष्ट लिहिलेले होते, मीच वाचले नव्हते. घाटमाथा, आपल्या वहिनींचा इथला फिजिओथेरपीचा खर्च मागितला असेल तर तो बहुधा वगळतील.

---

घाटमाथा | १२ डिसेंबर, रात्री ८:३०

सर्वांचे मनापासून आभार. निकाल कळवतो.

जुनी_पेढी यांच्या सल्ल्याप्रमाणे २१ तारखेलाच डॉक्टरांच्या दवाखान्याला इमेल केले. त्यांना अहवाल बदला असे म्हटले नाही. घटना घडली तो क्रम लिहिला, माझ्या सांगण्यामुळे गैरसमज झाला असावा हे कबूल केले, आणि त्यांच्या तपासणीशी हे जुळत असेल तर पुरवणी टिपण द्यावे अशी विनंती केली. पाच दिवसांनी इंग्रजीत एक पानी पत्र आले. रुग्ण ओल्या पायरीवरून घसरली, वेदनेमुळे नंतर थोडा वेळ चक्कर आली, तपासणीच्या वेळी रक्तदाब आणि नाडी यांत काही दोष नव्हता, असे त्यात आहे. रक्तदाबाचा आकडा त्यांनी त्या दिवशीच टिपून ठेवला होता, हे माझे नशीब.

साहाय्य संस्थेची नोंद मिळवायला मात्र तीन इमेल आणि दोन फोन लागले. पहिल्या उत्तरात अशी नोंद आमच्याकडे नाही असे कळवले गेले. मी नोंद क्रमांक, फोनची वेळ आणि माझ्या मोबाइलच्या बिलातली ती ओळ पाठवली, तेव्हा ती सापडली. तिच्यात 'ओल्या पायरीवरून घसरून पडल्या, मनगटाला सूज' एवढेच लिहिले आहे. चक्करचा उल्लेखही नाही.

काल दावा मंजूर झाला. ४६२ पैकी ४३१ फ्रँक मान्य झाले. औषधांच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेल्या हाताच्या झोळीचे ३१ फ्रँक वगळले. त्यातून डिडक्टिबलचे १०० डॉलर वजा होऊन सुमारे ३९ हजार रुपये खात्यात येतील. फिजिओथेरपी मचाण म्हणाले त्याप्रमाणे बसत नाही, म्हणून मी मागितलीच नाही.

---

ओसरी | १२ डिसेंबर, रात्री ९:०५

अभिनंदन. माझे मत अर्धे बदलले आहे. एक विचारते: कंपनीने तरीही नकार दिला असता तर पुढे काय करता आले असते?

---

जुनी_पेढी | १२ डिसेंबर, रात्री ९:४८

प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या संकेतस्थळावरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. आपल्या राज्यात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचा दावा चालतो. फक्त कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे. माझ्या पाहण्यात तिथे लोक भावनेने हरतात आणि तारखांनी जिंकतात. कोणता कागद कोणत्या दिवशी दिला याची एक पानी यादी घेऊन गेलेला माणूस निम्मे काम करून आलेला असतो.

घाटमाथा, ती ३१ फ्रँकची झोळी सोडून द्या. तिथे कंपनीचे बरोबर आहे.

---

घाटमाथा | १२ डिसेंबर, रात्री १०:१५

झोळी सोडली. ती आता पत्नीने भाजीच्या पिशवीला बंद म्हणून लावली आहे. मनगट साधारण ऐंशी टक्के वळते, पोळ्या लाटताना अजून दुखते, तोवर त्या मी लाटतो आणि त्यांच्या आकाराबद्दल इथे न लिहिलेले बरे. पाटली सोनाराकडे जोडायला दिली आहे. जोड दिसेल असे तो म्हणतो, आणि दिसू दे असे ती म्हणते.